कांताबाईंच्या ग्राइंडरमधला लांब स्क्रू

सई, अर्णव,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर शालनमावशी गेल्याचं मी तुम्हाला सांगितलं. तेव्हा सई म्हणाली, "आजी, तू तिला किती सांभाळून घेतलंस. तिने त्या बाईंचं मशीन जाळलं, तरी तू तिला काढलं नाहीस. उलट स्वतःचा ग्राइंडर त्यांना वापरायला दिलास." ही गोष्ट तुम्हाला बाबाने सांगितली आहे आणि बाबाला मी. मी "इथलं नेट नीट चालत नाही" असं म्हणून फोन ठेवला. नेट चांगलं चालत होतं.

त्या गोष्टीत एक चूक आहे आणि ती सहा वर्षं मी तशीच राहू दिली. आता शालन नाही. इतक्या लांब वाढणारी माझी दोन नातवंडं तिला मशीन जाळणारी बाई म्हणून लक्षात ठेवणार असतील, तर ते मला चालणार नाही. मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, तेव्हा हे इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. पण शालनशी मी इंग्रजीत कधी बोलले नाही, आणि हे मुळात तिला सांगायचं राहिलेलं आहे. म्हणून पुढचं सगळं मी तिलाच उद्देशून लिहिते. बाबा वाचून दाखवेल, तुम्ही शेजारी बसून ऐका.

शालन,

तुला जाऊन अठरा दिवस झाले. काल मी गॅरेजचं शटर पहिल्यांदा उघडलं. टेबलावर तीन मिक्सर, एक इस्त्री आणि त्या कोपऱ्यातल्या बंगल्यातल्या आजोबांचा टेबलफॅन होता. प्रत्येकाला माझी चिठ्ठी बांधलेली: नाव, तक्रार, तारीख. मी चिठ्ठ्या वाचत एकेकाला फोन केला. दुरुस्ती करणाऱ्या बाई गेल्या, तुमची वस्तू घेऊन जा, असं सांगितलं. एकजण म्हणाल्या, "त्या शालनताई?" आणि मिक्सर विसरून तुझ्या लेकीची चौकशी करत राहिल्या. दुसऱ्याने विचारलं, मग आता कधीपर्यंत मिळेल. दोघांचंही मला वाईट वाटलं नाही. फॅनवाले आजोबा मात्र म्हणाले, "राहू दे तुमच्याकडेच. दुसऱ्या कुणाला उघडू देणार नाही." तो फॅन अजून टेबलावर आहे.

तू पहिल्यांदा आलीस ती लेकीच्या इंग्रजीच्या शिकवणीसाठी. चाकणच्या कंपनीत मोटर गुंडाळायचं तुझं कंत्राटी काम नुकतंच सुटलं होतं. लेक आत माझ्यापुढे धडा वाचत होती आणि तू बाहेर पायरीवर बसली होतीस. भंगारात टाकायचा म्हणून मी मिक्सर तिथे काढून ठेवला होता. तास संपला तेव्हा तो तू केसाच्या पिनेने उघडून बसली होतीस.

"बाई, ह्याला काय झालं म्हणून फेकायलात? नुसता ब्रश झिजलाय."

मला तेव्हा मोटरमध्ये ब्रश असतो हेही माहीत नव्हतं. तू कोळशाचा तो एवढासा तुकडा माझ्या तळहातावर ठेवलास आणि माझा हात काळा झाल्यावर हसलीस. सईचे आजोबा जाऊन वर्ष झालं होतं, गाडी विकलेली, निगडीतल्या एवढ्या मोठ्या घरात गॅरेज रिकामं. तीन महिन्यांत तिथे टेबल आलं, फळी आली, दिवा आला. तू यंत्रं उघडायचीस आणि मी माणसं बघायचे.

माझ्या चिठ्ठ्यांची तू किती चेष्टा केलीस. प्रत्येक डबीवर लेबल, प्रत्येक वायरला रबर, झाडू कुठल्या खिळ्याला आणि सुपली कुठल्या. एकदा दुपारी धपाट्याचा डबा उघडताना म्हणालीस, "आता माझ्या पाठीवरबी एक चिठ्ठी लावा. शालन, आतून-बाहेरून तपासली, तक्रार काही नाही." मी खरोखर कागद आणि टेप घेऊन उठले, तेव्हा तू टेबलाभोवती पळालीस.

पण तुझीही एक शिस्त होती आणि ती माझ्या शिस्तीपेक्षा जुनी होती. यंत्र उघडलं की शेजारी जुन्या चादरीचा तुकडा पसरायचा, आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्यावर त्याच्या जागी ठेवायचा. वरच्या उजव्या कोपऱ्यातला वर उजवीकडे, आतला आत. म्हणजे यंत्र टेबलावर आणि त्याचा नकाशा फडक्यावर. फडकं मळकट असायचं, स्क्रू वाकडेतिकडे पडलेले, मध्ये वंगणाचे डाग. परक्या माणसाला वाटावं, कुणीतरी पसारा करून गेलंय. तू मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतंस, "बाई, सगळं आवरा, फडकं तेवढं आवरू नका." मी हो म्हटलं होतं. हे मी इथे मुद्दाम लिहिते, कारण मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

कांताबाई आपल्याकडे आल्या त्या कुणाच्या तरी सांगण्यावरून. चाकणजवळच्या गावातल्या, घरची थोडी शेती, आणि कंपनीच्या गेटावर सकाळच्या शिफ्टसाठी इडली-डोशाची गाडी. त्यांचा तो मोठा, पिंप एका बाजूला कलतं करायचा ग्राइंडर मुलाने टेम्पोतून आणून टाकला. तक्रार साधी होती, पट्टा घसरत होता. मी चिठ्ठी लिहिली: कांताबाई, पट्टा, उद्या संध्याकाळपर्यंत. "उद्या म्हंजे उद्याच," त्या म्हणाल्या, "एक खाडा कसाबसा चालंल, दोन न्हाई."

त्या ग्राइंडरवर तुझं काय अवलंबून होतं ते मला चांगलं माहीत होतं. कांताबाईंच्या दिराकडे दोन-तीन कंपन्यांच्या कँटीनचं काम होतं. तिथले ग्राइंडर, मिक्सर, गरम पाण्याच्या टाक्या, सगळ्यांची देखभाल करायला त्यांना भरवशाचं माणूस हवं होतं. वहिनीचा ग्राइंडर कसा होऊन येतो ते बघतो आणि मग ठरवतो, असं ते म्हणाले होते. तसं झालं तर तू चाकणला बाजाराजवळ एक गाळा घेणार होतीस. पाटीवर काय लिहायचं तेही ठरलं होतं. "शालन इलेक्ट्रिकल्स. बाईचं नाव खाली बारीक अक्षरात नको, वर मोठ्या अक्षरात," तू म्हणायचीस, आणि मी पाटीचं शुद्धलेखन बघून देणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू ग्राइंडर उघडलास. पिठाचं पाणी मोटरपर्यंत गेलं होतं म्हणून मोटरचं झाकणही काढलंस, आतून पुसून घेतलंस, आणि नवा पट्टा आणायला बसने पिंपरीला गेलीस. फडकं टेबलावर होतं.

अकराच्या सुमारास माझ्या शाळेतल्या जुन्या सहकारी बाई येणार होत्या. मी त्यांना आपलं दुकान दाखवणार होते. खरं सांगायचं तर मला मिरवायचं होतं. ते फडकं बघून मला कसंतरी झालं. मी सगळे स्क्रू गोळा केले, रॉकेलच्या बोळ्याने पुसले, वाटीत ठेवले, वाटीवर चिठ्ठी लावली. फडकं धुवायला टाकलं. बाई आल्या, कौतुक करून गेल्या. त्या गेल्यावर मी वाटीकडे बघितलं, आणि मग माझ्या लक्षात आलं मी काय केलंय ते.

तेव्हा मी तुला फोन करायला हवा होता. तू पिंपरीच्या बाजारात होतीस, पाच मिनिटांचं काम. परत आल्यावर सांगितलं असतं तरी चाललं असतं. तू चिडली असतीस, एकेक स्क्रू मोजून लावला असतास, एक तास गेला असता. पण मला वाटलं, माझं पाठांतर चांगलं आहे. साठ मुलांच्या वर्गात कोण कुठे बसतं ते मला वर्षानुवर्षं लक्षात राहायचं. मी दुसरं फडकं पसरलं आणि आठवून आठवून सगळे स्क्रू परत मांडले. ते सगळे एकाच जाडीचे होते. काही दोन तांदळांएवढे जास्त लांब होते, ते मी बाहेरच्या बाजूला ठेवले. मला वाटलं, जमलं.

तू आलीस, घाईत होतीस, ऊन लागलं होतं. पाणी पिऊन सरळ कामाला बसलीस. फडक्यावर तुझा जेवढा विश्वास होता तेवढा कशावरच नव्हता, त्यामुळे तू स्क्रूकडे बघत नव्हतीस, फक्त हात त्या त्या जागी जात होता. मी दारात उभी राहून बघत होते. एकदा माझे ओठ उघडलेही. तू विचारलंस, "काय बाई?" मी म्हटलं, "चहा टाकू का?"

तू कधीही ग्राइंडर नुसता फिरवून बघायची नाहीस. भिजवलेले तांदूळ घालूनच बघायचीस, कारण रिकामं यंत्र खोटं बोलतं असं तुझं मत. तांदूळ घातलेस. पिंप फिरायला लागलं, आवाज छान होता. पाच मिनिटांनी आवाज जड झाला. मग वास आला, जळक्या वार्निशचा, गोडसर आणि घाणेरडा. तू बटण बंद करेपर्यंत खालून धूर निघाला होता.

तू मोटर काढलीस. झाकण उघडलंस. झाकणाच्या बाहेरच्या कडेला, जिथे आखूड स्क्रू हवा होता तिथे लांब स्क्रू होता, आणि त्याचं टोक आत तांब्याच्या तारांमध्ये रुतलं होतं. तारेवरचा लेप खरवडला गेला होता आणि अख्खी गुंडाळी काळी पडली होती.

तू तो स्क्रू बोटांत धरून किती वेळ बसलीस. मग फडक्याकडे बघितलंस. आता ते रिकामं होतं, पण स्वच्छ होतं. धुतलेलं, घडीचं, दुसरंच फडकं. सकाळी होतं त्यावर डाग होते. तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हणाले, "अगंबाई, असं कसं झालं?"

हे चार शब्द मी तुझ्यासमोर उच्चारले, शालन. ह्या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त लाज त्यांचीच वाटते.

तू म्हणालीस, "माझंच ध्यान नव्हतं."

मग आपलं भांडण झालं, पण ते भलत्याच गोष्टीवरून. मी म्हणाले, तू चांगली गुंडाळून देशील, कंपनीपेक्षा चांगली. कांताबाईंना पट्टा मिळायला उशीर झाला असं सांगू. यंत्र नीट मिळाल्याशी त्यांना मतलब. तू माझ्याकडे असं बघितलंस, जसं मी वर्गात कॉपी करणाऱ्या मुलीकडे बघायचे.

"आपल्या हातून जळालं की आधी फोन करायचा, बाई. दुरुस्ती नंतर."

"नंतर सांगू ना. चालू करून दाखवू आणि मग सांगू. त्यांनाही धक्का बसणार नाही."

"चालू करून मग सांगायचं म्हणजे आपलीच हुशारी दाखवायची. तिला आज कळलं पाहिजे. तिला ठरवू दे, आपल्याकडे ठेवायची का दुसरीकडं न्यायची."

"आणि कँटीनचं काम?"

तू फोन उचललास आणि लावलास. "कांताताई, शालन बोलते. तुमची मोटर माझ्या हातून जळाली," असं सरळ सांगितलंस. पुढे-मागे काही लावलं नाहीस. मी तिथेच, दोन हातांच्या अंतरावर उभी होते. 'माझ्या' ह्या शब्दापाशी मी बोलायला हवं होतं.

कांताबाई तासाभरात मुलाच्या गाडीवर बसून आल्या. पदर खोचलेला. मोटर बघितली, वास घेतला.

"आवं, पट्टा बदलाया दिला व्हता, मोटर जाळाया न्हाई."

"बरोबर आहे," तू म्हणालीस. "चार दिवस द्या. नवीन गुंडाळून देते. नको असंल तर दुसरीकडं न्या, मी सोबत येते आणि काय झालं ते त्यांना सांगते."

"चार दिस? आन तवर गेटावर माणसांना काय भिजवल्यालं तांदूळ चघळाया देऊ व्हय?"

तेव्हा मी आत गेले आणि माझा घरचा ग्राइंडर घेऊन आले. मला काहीतरी करायचं होतं. खरं बोलण्याऐवजी जे काय करता येईल ते. म्हणाले, "कांताबाई, तुमचा होईपर्यंत हा वापरा. तुमच्याकडेच राहू दे हवा तर."

त्यांनी तो हातात तोलून बघितला. "ह्यो तर भातुकलीतला हाय. तीन-तीनदा दळावं लागंल." पण त्यांचा राग उतरला होता. मग त्यांनी माझा हात धरला आणि तुझ्यादेखत म्हणाल्या, "बाई, तुमी देवमाणूस. तुमची ही बाई मातर हात सांभाळून काम करत न्हाई. हिला जरा समज द्या."

मी म्हणाले, "असू द्या, होतं कधीकधी."

मी तुला माफ केलं, शालन. चार माणसांत, मोठ्या मनाने, माझ्या चुकीबद्दल तुला माफ केलं. तू मान खाली घालून जळालेली तार मोटरमधून उपसत होतीस.

पुढचे चार दिवस तू गुंडाळत होतीस. तार किती जाडीची, फेरे किती, ते तू जळालेल्या गुंडाळीतून मोजून काढलंस, प्रत्येक फेरा नखाने सुटा करत. मोजायला मला शेजारी बसवलंस. मी इंग्रजीत मोजायचे आणि तू वैतागायचीस. "तुमचं इंग्रजी शंभरावर जाईपर्यंत माझी दुसरी बाजू व्हायली." मग मी मराठीत मोजायला लागले. एकोणसाठ की एकोणसत्तर ह्यावरून आपण दोनदा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि दुसऱ्या वेळी दोघींना हसू आवरेना. मला तो दिवस आठवतो तेव्हा सुख होतं, आणि लगेच आठवतं की मी तेव्हाही सांगू शकले असते. आपण इतक्या जवळ बसलो होतो की तारेला दोघींचे हात लागत होते. तू मला जणू जागा करून देत होतीस. मी फेरे मोजत राहिले.

ग्राइंडर गेला. सुरेख चालत होता. कांताबाई माझं भातुकलीतलं यंत्र परत करायला आल्या तेव्हा घरच्या मेथीची जुडी घेऊन आल्या, माझ्यासाठी. तू विचारलंस, "कँटीनचं काय म्हणाले भाऊजी?"

"त्यांनी दुसरा माणूस बगितला," त्या म्हणाल्या. "म्या बोलले व्हते गं, पर ते म्हनले, जी एका यंत्रावर मोटर जाळती ती बारा यंत्रांवर काय करंल."

तू "बरं" म्हणालीस. त्या दिवशी तू इस्त्रीच्या तीन वायरी बदलल्यास आणि एकही विनोद केला नाहीस. गाळ्याचा विषय तू पुन्हा काढला नाहीस. मी काढला नाही, कारण मला भीती वाटायची. आणि आणखी एक कारण होतं, तेही इथे लिहायलाच हवं. तू चाकणला जाणार नाहीस, माझ्याच गॅरेजमध्ये राहशील, ह्याचं मला आतून बरं वाटलं होतं. घर पुन्हा रिकामं होणार नव्हतं. एका फोनवर सगळं सरळ झालं असतं. कांताबाईंच्या दिराला मी सांगितलं असतं की चूक कामाची नव्हती, टेबल आवरणाऱ्या म्हातारीची होती. तो फोन न करण्यात माझा फायदा होता.

आठवड्याभरात तू फडकं बंद केलंस. कुठूनतरी थर्मोकोलचे जाड तुकडे आणलेस. यंत्र उघडलं की त्यावर पेनाने त्याची आकृती काढायचीस आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी आत खोचायचीस, अर्धा आत, अर्धा बाहेर. ते कुणाला सहज गोळा करता आले नसते. तू कारण सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. फक्त एकदा, टेबल पुसताना मी त्या थर्मोकोलपाशी थांबले, तेव्हा तू मान वर न करता म्हणालीस, "पुसा तुम्ही, ते काही हलत नाही." त्या वाक्यात रागही नव्हता आणि टोमणाही नव्हता. मला तेव्हा पक्कं कळलं की तुला सगळं माहीत आहे.

तू का नाही बोललीस? ह्या प्रश्नाशी मी सहा वर्षं झगडले. कधी वाटायचं, माझ्या वयाचा मान ठेवलास. कधी वाटायचं, गॅरेज माझं होतं, म्हणून तुला बोलायची चोरी होती, आणि मी ज्याला तुझा मोठेपणा म्हणते ती तुझी अडचण होती. हे दुसरं खरं असेल, तर मी ह्याहून वाईट वागले. तू असतीस तर विचारता आलं असतं. तू होतीस तेव्हा मी विचारलं नाही.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी तयारी करून आले होते. कागदावर वाक्यं लिहून आणली होती, माझ्या सवयीप्रमाणे, एक, दोन, तीन. तुझा चेहरा पिवळा झाला होता, डोळे मात्र जागे. लेक औषधं आणायला खाली गेली होती. मी स्टूल ओढलं, चष्मा लावला.

तू विचारलंस, "त्या कुलकर्ण्यांच्या मिक्सरचं कपलर आलं का?"

"आलं."

"आखूड घ्या. लांब बसणार नाही त्यात."

तू अगदी सहज म्हणालीस. भांडं मोटरला जोडणाऱ्या त्या कपलरबद्दलच बोलत होतीस, असं मी स्वतःला सांगते. पण मला पुढे वाचता आलं नाही. मी कागद पर्समध्ये ठेवला आणि तुझ्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. तू डोळे मिटलेस. चार दिवसांनी लेकीचा फोन आला.

काल शटर उघडलं, फोन केले, आणि आज सकाळी मी निगडीहून बस पकडून चाकणला गेले. कंपनीचं गेट शोधायला वेळ लागला, तिथे आता सगळीच गेटं सारखी दिसतात. कांताबाईंची गाडी तिथेच होती. पहिली शिफ्ट आत गेली होती आणि त्या तवा खरवडत होत्या. केस पांढरे झालेत. मला ओळखलं. तू गेलीस हे त्यांना कळलं नव्हतं. उलथनं हातातच राहिलं.

मी तिथे उभ्याउभ्या सगळं सांगितलं. फडकं, वाटी, पाहुण्या बाई, लांब स्क्रू. माझा आवाज वर्गात धडा वाचावा तसा लागला होता. दुसऱ्या कुठल्या आवाजात मला जमलं नसतं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तिला ठावं व्हतं?"

"हो."

"आन गप राह्यली?"

"हो."

"आन तुमी बी."

"हो. मी पण."

"म्या समद्यांना सांगत सुटले व्हते, बाई," त्या म्हणाल्या. "निगडीच्या त्या शालननं माजी मोटर जाळली, तिच्याकडं देऊ नका. किती जणींना सांगितलं मलाच आठवना. आता त्यास्नी कुठं धुंडू?" त्यांनी तव्यावर पाणी मारलं. "दिराला सांगते आज. त्याला आता कायबी फरक पडत न्हाई, पर सांगते."

मी त्यांना म्हणाले की मला बोला, राग काढा. त्या म्हणाल्या, "तुमच्यावर राग काढून माजं काय व्हनार? आन तिचं काय व्हनार?" मग गाडीखालचं स्टूल ओढून दिलं. "उन्हात उभ्या राहू नका. बसा." आधी त्या मला 'तुमी' म्हणायच्या तेव्हा त्यात कौतुक असायचं. आज नव्हतं, आणि ते मला योग्य वाटलं.

निघताना मी विचारलं, तो ग्राइंडर आहे का अजून. त्या म्हणाल्या, घरी आहे, रोज पहाटे त्याच्यावरच दळते. मधे पट्टा दोनदा बदलला, पिंपाची कडी बदलली, चाकं बदलली. मोटर उघडायची वेळ आली नाही.

सई, अर्णव, एवढं लक्षात ठेवा. शालनमावशीने गुंडाळलेली मोटर चाकणजवळच्या एका घरात रोज चालते. ती जळाली होती, आणि ती मी जाळली होती.